निळी भिंत आणि तिच्यातले दार

नवरात्राच्या आधीचा रविवार. माझ्या मयूर विहारमधल्या घरी रंगांच्या छटांचा तक्ता आणला गेला. जबाबदार: माझा मुलगा, सूनबाई आणि सूनबाईंची कॉलेजातली मैत्रीण, जी इंटिरिअर डिझायनर म्हणून ओळखली जाते.

तोच रविवार, चहाची वेळ. त्या तक्त्याच्या चारही पानांवर सही झाली. जबाबदार: मी.

दसऱ्याच्या दोन दिवस आधीपासून दसऱ्यानंतरच्या आठव्या दिवसापर्यंत. मी आणि माझी पत्नी नागपुरात असताना आमच्या घराच्या सर्व भिंती, सर्व दारे आणि सर्व पडदे एकाच रंगात बुडवले गेले. जबाबदार: मुलगा, सूनबाई, डिझायनर. रंगाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांना सांगितले ते त्यांनी केले.

नववा दिवस, सकाळ. माझ्या पत्नीला स्वतःच्या झोपण्याच्या खोलीचे दार सापडले नाही. या शेवटच्या नोंदीपुढची जबाबदारी मी मुद्दाम कोरी ठेवली आहे. ती कोणावर टाकायची हे वाचकाने सर्व वाचून ठरवावे.

आधी भिंतीविषयी सांगितले पाहिजे. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात कायद्याचे मसुदे तपासण्यात माझी सारी नोकरी सरली आणि त्या नोकरीतला बराच काळ आम्ही लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये काढला. तिथे भिंतींचा रंग ठरलेला असे. फिकट, पिवळसर, सायीसारखा. ओरिसाचा अधिकारी असो, केरळचा असो की आमच्यासारखा अमरावतीचा, सर्वांच्या घरात तीच साय. तो रंग आम्ही निवडला नव्हता. तो आम्हाला लागू होता. पत्नीने एकदा विचारले होते की एखादी भिंत आपल्या आवडीने रंगवता येईल का. मी नियम वाचून दाखवला. ती म्हणाली की मग स्वतःचे घर होईल तेव्हा एक भिंत ती सांगेल ती. पुढे ती हा विषय पुन्हा बोलली नाही, परंतु मयूर विहारच्या सहकारी सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट ताब्यात आला त्या दिवशी रंगाऱ्याला तिने माझ्याआधी गाठले.

तिने निळा सांगितला. आकाशी नव्हे, मोरपंखी नव्हे. दौतीतल्या शाईचा, गडद. हॉलची पूर्वेकडची भिंत, जिच्यात आमच्या झोपण्याच्या खोलीचे पांढरे दार आहे, ती संपूर्ण निळी झाली. त्या निळ्यावर लोक आपापले अर्थ लावत. आम्ही बौद्ध असल्यामुळे काही शेजाऱ्यांना त्यात झेंडा दिसला आणि आमच्याच काही नातेवाइकांना त्यात आमची निष्ठा दिसली. एका बाईंनी वास्तूच्या दृष्टीने तो कसा वर्ज्य आहे हे मला जिन्यात थांबवून सांगितले. पत्नीला विचारले की ती एवढेच म्हणे, "मला आवडतो." सर्वांना त्या रंगात काहीतरी दिसत होते, तिला रंग दिसत होता.

पुढे तिचे डोळे बिघडले. डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग झिजत जाण्याचा हा विकार आहे. माणूस आंधळा होत नाही, परंतु ज्याच्याकडे थेट पाहावे तेच धुरकट होते आणि एकमेकांशी मिळतेजुळते रंग एकमेकांत विरघळतात. डॉक्टरांनी सांगितले की घरात फिकटाशेजारी गडद असू द्या. म्हणून आमच्याकडे भात गडद ताटलीत वाढला जातो, दूध काळ्या मगात ओतले जाते आणि सोसायटीच्या जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला मी रीतसर परवानगी मागून पिवळी पट्टी चिकटवली आहे. भिंतीला मात्र काही करावे लागले नाही. तिने मला एकदा समजावून सांगितले होते: "दार मला दिसत नाही हो. निळं जिथे संपतं, ते दिसतं."

त्या निळ्याच्या आधाराने ती या घरात एकटी वावरत होती. सकाळी माझ्या आधी उठून चहा करणे, बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालणे, दुपारी कोणाच्याही हाताशिवाय खोलीत जाऊन पडणे. माझा हात धरून तिला कुठेही जायचे नसते. डोळ्यांचे हे दुखणे तिने मुलापासून लपवले होते आणि मलाही शपथ घातली होती. मुलगा गुरुग्रामला एका टोलेजंग इमारतीत बाविसाव्या मजल्यावर राहतो. आईला दिसत नाही हे कळले, की तो तिला तिकडे घेऊन जाईल, आणि तिकडे तिला लिफ्टच्या बटणापासून संडासाच्या कडीपर्यंत सर्व काही दुसऱ्याला विचारावे लागेल, ही तिची भीती होती. मुलाला एवढेच माहीत होते की आईचा चष्म्याचा नंबर वाढला आहे.

आता तो रविवार. डिझायनर बाई आल्या, बूट काढताना त्यांनी भिंतीकडे पाहिले आणि डोळ्यांवर ऊन पडल्यासारखे केले. मग हिंदीत म्हणाल्या, "अंकल, ये वॉल तो बहुत डॉमिनेट करती है." माझ्या घरात कोण कोणावर वर्चस्व गाजवते याचा निवाडा बूट निघण्याआधीच झाला होता. त्यांनी टेबलावर तक्ता उलगडला. चार पाने आणि प्रत्येक पानावर छटांच्या चौकोनी टिकल्या. एका टिकलीचे नाव ओट्सच्या दुधावरून होते, एकीचे वाळूच्या टेकडीवरून, एकीचे मशरूमवरून, एकीचे धुतलेल्या तागावरून. एका छटेला चक्क कुजबुजीचे नाव होते. मी ती पाने खिडकीपाशी नेऊन उन्हात धरली. सर्व टिकल्या भिजून वाळलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाच्या होत्या. ज्या सायीतून सुटण्यासाठी माझ्या पत्नीने उमेदीची सारी वर्षे वाट पाहिली, तीच साय नाव बदलून, उंची कागदावर छापून, आमच्या दारात परत आली होती. फरक इतकाच की सरकार ती उपकार म्हणून लावत नसे.

बाईंनी मला उबदार तटस्थ रंगांचे तत्त्वज्ञान सांगितले. अशा रंगांत मन शांत राहते म्हणे, घर मोठे वाटते म्हणे, आणि कोणत्याही सोफ्याशी ते भांडत नाहीत. मी विचारले की आमच्या भिंतीचे आणि सोफ्याचे आजवर कधी भांडण झाले आहे का. मुलगा हसला आणि म्हणाला, "बाबा, प्लीज, आता क्रॉस एक्झामिनेशन नको." सूनबाई पत्नीशी गोड बोलत होत्या, त्या दिल्लीच्याच आहेत, हिंदीत बोलतात आणि मनाने वाईट नाहीत. मम्मीजींना फ्रेश वाटेल, असे त्यांचे म्हणणे होते. पत्नी हसत राहिली. टिकल्या तिच्यापुढे धरल्या गेल्या तेव्हा तिने मान किंचित वळवली, कारण ती डोळ्याच्या कडेने पाहते, आणि म्हणाली की छान आहेत. तिला त्या दिसल्या नव्हत्या. मला ते ठाऊक होते आणि मी गप्प बसलो, कारण शपथ होती.

मग ती पाने माझ्यापुढे सरकवली गेली आणि इथे माझ्या हातून जे घडले ते मी लपवत नाही.

आमच्या खात्यात समोर आलेला कोणताही कागद तसाच परत जात नसे. वाचला, की कोपऱ्यात ‘पाहिले’ असे लिहायचे, खाली आद्याक्षरे आणि तारीख. ‘पाहिले’ म्हणजे मंजूर नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की कागद माझ्या नजरेखालून गेला. मंजुरी वेगळ्या शब्दांत, वेगळ्या अधिकाऱ्याने, कारणे देऊन द्यायची असते. हा भेद सरकारातल्या नव्या कारकुनालाही पहिल्या आठवड्यात कळतो. मी चारही पानांवर ‘पाहिले’ लिहिले, सही केली, तारीख घातली आणि मनात म्हणालो की आता हे लोक रीतसर प्रस्ताव पाठवतील, मग मी रीतसर नामंजूर करीन. निवृत्त होऊनही हात खात्यातच राहिला होता. डिझायनर बाईंनी पाने फाइलमध्ये ठेवली आणि मला म्हणाल्या, "थँक यू अंकल, बहुत स्वीट हैं आप." कागद पाहिल्याबद्दल मला आजवर कोणी स्वीट म्हटले नव्हते. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दसऱ्याला आम्ही दरवर्षी नागपूरला जातो, दीक्षाभूमीवर. यंदाही गेलो आणि भावाकडे राहिलो. परतलो तेव्हा सोसायटीच्या फाटकापाशी मुलगा उभा. आम्हाला सरप्राइज होते. दार उघडले आणि मला क्षणभर वाटले की आपण एखाद्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शिरलो आहोत. निळी भिंत नव्हती. भिंतीसारखेच दार, दारासारखाच पडदा, पडद्यासारखाच सोफ्याचा अभ्रा. विजेची बटणेसुद्धा बदलून भिंतीशी जुळती बसवली होती, जणू घरात बटणे असणे ही लपवण्याची गोष्ट आहे. काळा मग कुठल्याशा कपाटात गेला होता आणि ओट्यावर मातकट कप मांडले होते. मुलाने आईच्या चेहऱ्याकडे पाहिले. ती म्हणाली, "वा, किती उजेड आलाय." तो निर्धास्त होऊन गुरुग्रामला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो. पत्नी चहा ठेवून शाल आणायला खोलीकडे निघाली. ती नेहमीच्या वेगाने चालत गेली आणि भिंतीवर आदळली. दारापासून हातभर डावीकडे. मी उठलो, तेव्हा ती दोन्ही तळहात भिंतीवर टेकवून हळूहळू सरकत होती, नव्या ठिकाणी आलेला माणूस अंधारात सरकतो तशी. बाहेर लख्ख ऊन होते. तिच्या भुवईवर टेंगूळ आले होते. मी हात पुढे केला तर तो तिने बाजूला सारला. दाराची चौकट बोटांना लागली तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, "कोणाला सांगू नका."

मी सांगितले नाही, पत्र लिहिले. अकरा परिच्छेद. घराची मालकी आम्हा उभयतांच्या नावे आहे. आमची लेखी संमती घेतलेली नाही. आमच्या अनुपस्थितीत केलेला बदल हा अनधिकृत आहे. सबब सर्व भिंती, दारे व बटणे पूर्ववत करून द्यावीत. एक प्रत मुलाला, एक डिझायनरला, दोन्ही स्पीड पोस्टाने. त्या अकरा परिच्छेदांत माझ्या पत्नीच्या डोळ्यांचा उल्लेख नव्हता. कायद्याचे सगळे होते, कारण नव्हते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मसुद्यांत नेमकी हीच त्रुटी काढत आलो.

मुलाचा फोन आला. आपल्याच मुलाला स्पीड पोस्टाने नोटीस कोण पाठवते, असे त्याने विचारले. मी म्हणालो की पोच मिळते म्हणून. डिझायनर बाईंनी मात्र उत्तर देण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यांनी माझ्या मोबाइलवर त्या चार पानांची छायाचित्रे पाठवली आणि माझ्या सहीभोवती लाल वर्तुळ काढून खाली लिहिले, "अंकल, अप्रूवल तो आपका ही है," आणि पुढे हात जोडल्याचे चिन्ह. मी ‘पाहिले’ या शब्दाचा प्रशासकीय अर्थ सविस्तर लिहून पाठवला. त्यावर पुन्हा तेच चिन्ह. घराला रंग लावणारा माणूस घरात राहणाऱ्याला एक प्रश्नही न विचारता निघून जाऊ शकतो, आणि त्याच्या या निष्काळजीपणाला आता सुरुची म्हणतात. घर मोठे वाटेल का, हे त्यांनी पाहिले. छायाचित्रात उठून दिसेल का, हेही पाहिले. तिथे कोणी चालणार आहे का, हे कोणाच्याही तक्त्यात नव्हते. त्यांना भांडण न करणाऱ्या भिंती हव्या होत्या. भिंतीचे काम दाराशी भांडणे हेच आहे. नाहीतर दार कशाला करायचे?

पुढच्या शनिवारी मुलगा मला समजवायला आला. टेंगूळ तोवर पिवळे पडले होते, परंतु त्याच्या नजरेतून सुटले नाही. पत्नी म्हणाली की कपाटाचे दार लागले. मग ती त्याच्यासाठी पाणी आणायला उठली आणि तिचा हात नकळत भिंतीला टेकला. तो पाहत राहिला. ती बटण शोधत होती. बोटे त्या नव्या, सपाट बटणावरून दोनदा गेली आणि तिला ते समजले नाही. मुलगा उठला, तिच्यापाशी गेला आणि त्याने तिच्या डोळ्यांपुढे हात हलवला. मी त्या क्षणी शपथ मोडणार होतो. गरज पडली नाही.

"आई, तुला दिसत नाहीये." तो म्हणाला.

"कडेनं दिसतं." ती म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंस? मी हात तरी लावला असता का त्या भिंतीला?"

"सांगितलं असतं तर तू भिंत ठेवली असतीस," ती म्हणाली, "आणि मला नेलं असतंस."

तो सोफ्यावर बसला. रडला असावा, मी पेपर समोर धरला होता. जाताना त्याने आईच्या पायांना हात लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला की भिंत पुन्हा निळी करून देतो, डिझायनरला तो सांगेल. मला वाटले की प्रकरण निकाली निघाले. परंतु डिझायनर बाईंचे रंगारी दिवाळीपर्यंत गुंतलेले होते, आणि तेवढ्यात, त्यांच्या मते, एक सुंदर निळसर राखाडी छटा पाहायला काय हरकत होती? निळसर राखाडी म्हणजे निळ्याने माफी मागितल्यावर जे उरते ते.

निर्णय पत्नीने घेतला. मी बाराव्या परिच्छेदाच्या तयारीत असताना ती म्हणाली, "अहो, भिंत राहू द्या. दार निळं करा." मला हे सुचले नव्हते. मी पूर्वस्थितीसाठी भांडत होतो. तिला खोलीत जायचे होते. मार्केटमधून एक पेंटर बोलावला. तो तक्ता घेऊन बसला तेव्हा तिने प्रत्येक टिकली डोळ्याच्या कोपऱ्याशी नेऊन पाहिली आणि शेवटी आधीच्यापेक्षाही गडद रंगावर बोट ठेवले. पेंटर चकित होऊन म्हणाला, "माताजी, इस बेज में तो ये बहुत चमकेगा." ती म्हणाली, "तभी तो." अर्ध्या दिवसात दार झाले. चौकटही. बटणांभोवती तिने तोच रंग लावून घेतला. तिसऱ्या दिवशी, वास गेल्यावर, ती ओट्यापासून खोलीपर्यंत हात न लावता गेली, शाल घेतली आणि परत आली. मी टाळी वगैरे वाजवली नाही. दार खरोखर विद्रूप दिसते. त्या मातकट हॉलमध्ये ते नोटीस चिकटवल्यासारखे उठून दिसते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

हे इथे संपले असते तर मी लिहायला बसलो नसतो. दाराचे छायाचित्र मी मुलाला पाठवले होते, खाली एकही शब्द न लिहिता. त्याचे उत्तर मला आले नाही. दोन दिवसांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात, जिथे नागपूर, अमरावती आणि पुण्याचे सारे नातेवाईक आहेत, त्याने एक संदेश टाकला. आईच्या डोळ्यांची परिस्थिती आता सर्वांना कळावी. दिवाळीनंतर आई-बाबा कायमचे आमच्याकडे राहायला येत आहेत. आईची खोली तयार झाली आहे. सोबत त्या खोलीचे छायाचित्र. मागोमाग आत्या, मामा, चुलतभावंडे यांची अभिनंदने आली, फुले आली आणि असा मुलगा सर्वांना मिळो अशा सदिच्छा आल्या. आम्हाला कोणी विचारले नाही. आमचे अभिनंदन मात्र झाले.

मी ते छायाचित्र पाहिले. मोठे करून पाहिले. भिंग लावून पाहिले. पलंग, त्याच्या मागची भिंत, बाजूची भिंत, पडदा, कपाट, सर्व त्याच डिझायनर बाईंच्या हातचे, त्याच उबदार, तटस्थ, भांडण न करणाऱ्या पुठ्ठ्यातले. माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत, तरी दार मला सापडले नाही. पत्नीने विचारले की खोली कशी आहे. मी म्हणालो की वर्णन करता येत नाही. ती समजली. "मी जाणार नाही," ती म्हणाली, "पण तुम्ही त्याच्याशी भांडू नका. नीट विचारा."

म्हणून मी नीट विचारत आहे. माझ्या मुलाला एकांतात फोन करण्याची, समजूत घालण्याची किंवा शनिवारी भेटायला येण्याची मुभा या वेळी नाही. त्याने घोषणा सर्वांसमक्ष केली. उत्तरही त्याच गटात, त्याच नातेवाइकांसमक्ष, स्वतःच्या शब्दांत द्यावे. हात जोडल्याचे चिन्ह उत्तर म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही. प्रश्न एकच आहे. तू जी खोली तुझ्या आईसाठी तयार केलीस तिचे छायाचित्र समोर ठेव, आणि आम्हा सर्वांना सांग: कोणालाही हाक न मारता तिला तिथून बाहेर पडायचे असेल, तर तिने कोणत्या बाजूला जायचे?